यकृताची पारख रक्तावरून

दोन गृहस्थांच्या रक्ततपासणीचे आकडे पुढे देत आहोत. माणसे काल्पनिक आहेत. पण असे आकडे दवाखान्यांत रोज पाहायला मिळतात. दोघांच्याही पोटाची सोनोग्राफी झाली असून दोघांनाही 'फॅटी लिव्हर', म्हणजे मेदयुक्त यकृत, असल्याचे सांगण्यात आले आहे.

पहिल्या गृहस्थांचे वय ४५. एस.जी.ओ.टी. ५६, एस.जी.पी.टी. ८१, प्लेटलेट २ लाख ८० हजार.

दुसऱ्या गृहस्थांचे वय ६२. एस.जी.ओ.टी. ३९, एस.जी.पी.टी. ३६, प्लेटलेट १ लाख ३० हजार.

ओ.टी. आणि पी.टी. या तपासण्यांची वरची मर्यादा पुष्कळ प्रयोगशाळा ४०च्या आसपास धरतात. त्यामुळे पहिल्यांच्या कागदावर दोन्ही आकडे ठळक छापून येतात आणि घरात काळजी पसरते. दुसऱ्यांच्या यकृताच्या रकान्यात एकही आकडा ठळक नसतो. 'लिव्हर नॉर्मल आहे' असे म्हणून तो कागद कपाटात जातो.

विद्यार्थी मित्रांनो, या दोघांपैकी कोणाचे यकृत अधिक बिघडलेले असण्याचा संभव आहे? उत्तर देण्याची घाई करू नका. त्यासाठी लागणारे गणित तुम्हाला येते. अवघड आहे ते त्या आकड्यांचा अर्थ समजून घेणे. तेवढे आपण आधी करू.

मेद, दाह आणि तंतू

प्रौढ माणसाचे यकृत सुमारे दीड किलो वजनाचे असते. आतड्यांतून शोषलेले अन्नघटक रक्तावाटे प्रथम यकृताकडे येतात. त्यांची साठवण, रूपांतर आणि वाटप हे यकृताचे काम. खाण्यातून आलेली ऊर्जा सतत खर्चापेक्षा जास्त होऊ लागली, किंवा इन्शुलिन हे संप्रेरक शरीरात नीट काम करेनासे झाले, की यकृताच्या पेशींत मेदाचे थेंब साठू लागतात. यकृतातील ५ टक्के किंवा त्याहून अधिक पेशींत असे थेंब दिसले, की त्याला मेदयुक्त यकृत म्हणतात. हे फक्त लठ्ठ माणसांनाच होते असे मात्र नाही. पोटाचा घेर वाढलेल्या, पण एरवी सडपातळ दिसणाऱ्या माणसांतही ते आढळते.

पूर्वी असे यकृत दिसले की डॉक्टर दारूविषयी विचारीत. १९८० साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये युर्गन लुडविग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २० रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची यकृते दारू पिणाऱ्यांच्या यकृतांसारखी दिसत होती, पण ही माणसे तसे मद्यपान करणारी नव्हती. या विकाराच्या नावात तेव्हापासून 'मद्यजन्य नसलेला' असे विशेषण राहिले. २०२३ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी ते काढून 'चयापचयातील बिघाडाशी निगडित' असे नवे नाव दिले. रोग काय नाही हे सांगण्यापेक्षा तो कशामुळे आहे हे सांगणारे नाव केव्हाही चांगले.

नुसता मेद साठला म्हणून बहुतेकांना काही त्रास होत नाही. काहींच्या यकृतात मात्र या मेदामुळे पेशी फुगतात, फुटतात आणि तेथे दाह सुरू होतो. जखम भरताना कातडीवर जसा वण उठतो, तसे यकृतातही दुरुस्तीच्या नादात चिवट प्रथिनांचे तंतू तयार होतात. याला तंतुमयता म्हणतात. तिच्या ० ते ४ अशा पायऱ्या मानतात. चौथ्या पायरीवर सारे यकृत तंतूंच्या जाळ्यात अडकून गाठाळ होते; तोच सिऱ्होसिस.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहाशेहून अधिक रुग्णांच्या यकृताचे जुने नमुने आणि त्यांचे पुढे काय झाले याची माहिती ताडून पाहिली. माणसाच्या आयुष्याचे पुढे काय होणार याच्याशी सर्वांत घट्ट संबंध दिसला तो तंतूंच्या पायरीचा. तेव्हा रोग किती गंभीर आहे, या प्रश्नाचा खरा अर्थ 'तंतू किती झाले आहेत?' असा आहे. नेहमीच्या सोनोग्राफीत मेद दिसतो. तंतू मात्र सुरुवातीच्या पायऱ्यांवर दिसत नाहीत.

एस.जी.ओ.टी. म्हणजे काय?

कागदावरील ही दोन नावे म्हणजे दोन विकरे. अमिनो आम्लातील अमिनो गट उचलून दुसऱ्या आम्लावर बसवणे हे त्यांचे काम. आज पुस्तकांत त्यांना ए.एस.टी. आणि ए.एल.टी. म्हणतात; आपल्याकडील प्रयोगशाळांत जुनी नावेही टिकून आहेत. आपण त्यांना थोडक्यात ओ.टी. आणि पी.टी. म्हणू. त्यांची जागा पेशीच्या आत आहे. पेशी दुखावली की ती रक्तात झिरपतात.

रक्तात ती इतकी थोडी असतात की त्यांना वजनात मोजणे कठीण. मग मोजतात कशी? १९५५ साली आर्थर कारमेन यांनी वर्णन केलेली युक्ती मोठी सुरेख आहे. रक्तद्रवात ओ.टी.ला लागणारा कच्चा माल घालायचा. त्यापासून ओ.टी. जे तयार करते, ते आणखी एका विकराच्या हवाली करायचे. हे दुसरे विकर काम करताना एन.ए.डी.एच. नावाचा पदार्थ खर्च करते. हा पदार्थ ३४० नॅनोमीटर तरंगलांबीचे जंबुपार किरण शोषून घेतो. तो जसजसा खर्च होईल, तसतसे जास्त किरण नळीतून पार जातील. किती वेगाने जास्त जाऊ लागले ते उपकरणावर पाहिले की ओ.टी.च्या कामाचा वेग कळला. म्हणून कागदावरील '४० युनिट' हे वजन नाही, तो वेग आहे. एका मिनिटात १ मायक्रोमोल पदार्थाचे रूपांतर घडवणारे विकर म्हणजे १ युनिट. शिक्षकांनी वर्गात हा मुद्दा जरूर सांगावा. युनिट म्हटले की मुलांच्या डोळ्यांपुढे वजन किंवा आकारमानच येते.

गंमत अशी की आज यकृताची म्हणून ओळखली जाणारी ही तपासणी प्रथम गाजली ती हृदयासाठी. १९५४ साली न्यूयॉर्कमधील लाड्यू, व्रोब्लेव्स्की आणि कारमेन यांनी हृदयविकाराच्या झटक्यानंतर रक्तातील ओ.टी. वाढते असे दाखवले. हृदयाच्या स्नायूंतही ओ.टी. भरपूर असते ना! हात-पायांच्या स्नायूंतही असते. कबड्डीचे चार सामने खेळून आलेल्या मुलाची ओ.टी. त्यामुळेच वाढलेली दिसू शकते आणि यकृताचा त्यात काही दोष नसतो. हृदयासाठी आता ट्रोपोनिन ही अधिक नेमकी तपासणी आहे, त्यामुळे ओ.टी.चा तो उपयोग मागे पडला. पी.टी. मात्र मुख्यतः यकृतातच असते. १९५७ साली नेपल्सच्या दे रितिस यांनी या दोहोंचे गुणोत्तर पाहण्याची सूचना केली. आजही ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

गळती आणि वण

आता मुख्य अडचणीकडे येऊ. ही विकरे रक्तात आली म्हणजे पेशी दुखावल्या आहेत, एवढे खरे. पण ती सांगतात आजच्या गळतीविषयी. वर्षानुवर्षांच्या जखमांनी यकृतात किती तंतू साठले, हे त्यांना ठाऊक नसते. रांजणातून पाणी झिरपते आहे. पाणी तळाशी गेले की झिरपणे कमी होते. म्हणून रांजण बरा झाला असे कोणी म्हणेल काय? तंतूंनी भरलेल्या यकृतात मेदही कमी होतो आणि दुखावण्यासाठी शिल्लक असलेल्या पेशीही. पी.टी. तेव्हा खाली येते, कधी पूर्णपणे मर्यादेत येते.

ओ.टी. मात्र त्या प्रमाणात उतरत नाही. रक्तातून ओ.टी. काढून टाकण्याचे कामही यकृतातील बारीक रक्तमार्गांच्या भिंतीवरील पेशी करतात, आणि तंतू वाढले की हे काम मंदावते. शिवाय ओ.टी.चा काही भाग पेशीतील तंतुकणिकांत दडलेला असतो. जखम खोल गेली की तोही बाहेर पडतो. त्यामुळे मेदयुक्त यकृतात सुरुवातीला ओ.टी. आणि पी.टी. यांचे गुणोत्तर १ पेक्षा कमी असते. पुढे ते १ कडे आणि त्याहून वर सरकते. आपल्या पहिल्या गृहस्थांचे गुणोत्तर काढा: ५६ भागिले ८१, सुमारे ०.७. दुसऱ्यांचे ३९ भागिले ३६, सुमारे १.१. मर्यादेतल्या आकड्यांतही काही दडलेले असू शकते ते असे.

प्लेटलेट म्हणजे बिंबाणू. रक्त गोठवण्याचे काम करणाऱ्या या कणांचा यकृताशी काय संबंध? संबंध दुहेरी आहे. अस्थिमज्जेला 'बिंबाणू तयार कर' असा निरोप देणारे थ्रोंबोपोएटिन हे संप्रेरक मुख्यतः यकृतात तयार होते. यकृत थकले की निरोप क्षीण होतो. दुसरे असे की आतडी आणि प्लीहा यांच्याकडून यकृताकडे येणाऱ्या मोठ्या शिरेतील रक्ताला तंतूंच्या जाळ्यातून वाट मिळत नाही. घाटात दरड कोसळली की मागे गाड्यांची रांग लागते, तसा शिरेतील दाब मागे वाढतो आणि प्लीहा फुगते. फुगलेली प्लीहा बिंबाणू आपल्यातच अडकवून ठेवते. त्यामुळे रक्तात फिरणाऱ्या बिंबाणूंची संख्या वर्षागणिक हळूहळू उतरत जाते. नेहमीची खालची मर्यादा दीड लाख आहे. आपल्या दुसऱ्या गृहस्थांची १ लाख ३० हजार ही संख्या छापली गेली रक्तकणांच्या पानावर. यकृताचे पान वेगळे! दोन्ही पाने शेजारी ठेवून वाचणारा कोणी नसेल, तर हा इशारा वाया जातो.

तंतू थेट पाहायचे तर यकृताचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरावा लागतो. सुईने असा तुकडा काढण्याचा प्रयोग जर्मनीत पाउल एर्लिख यांनी १८८३ सालीच केला होता, आणि १९५८ साली इटलीच्या मेंगिनी यांनी सुई क्षणभरच आत राहील अशी पद्धत काढली. तरीही हे सुई खुपसणेच. त्यात वेदना आहे आणि क्वचित रक्तस्रावाचा धोकाही. मिळणारा तुकडा सबंध यकृताच्या सुमारे पन्नास हजाराव्या भागाइतका, म्हणजे ३० मिलिग्रॅमच्या आसपास. शेजारची जागा वेगळीही असू शकते. कोट्यवधी लोकांच्या यकृतात मेद असताना प्रत्येकाला सुई टोचणे शक्य नाही. आधी कोणाकडे लक्ष द्यायचे हे रक्तावरूनच ठरवण्याची गरज त्यातून निर्माण झाली.

चार आकड्यांचे सूत्र

२००६ साली अमेरिकेतील रिचर्ड स्टर्लिंग आणि सहकाऱ्यांनी एक सोपे सूत्र प्रसिद्ध केले. त्यात चार आकडे लागतात, म्हणून त्याला 'फिब-४' म्हणतात. मुळात ते मेदयुक्त यकृतासाठी नव्हतेच. एच.आय.व्ही. आणि हेपटायटिस-सी अशी दोन्ही विषाणूंची लागण असलेल्या ८३२ रुग्णांच्या माहितीवरून ते तयार केले होते. २००९ साली मेदयुक्त यकृताच्या ५४१ रुग्णांवर ते पडताळून पाहिले, तेव्हा तेथेही ते उपयोगी ठरले.

फिब-४ = (वय × ओ.टी.) ÷ (बिंबाणू × पी.टी.चे वर्गमूळ)

बिंबाणू हजारांत लिहायचे. २ लाख ८० हजार असतील तर २८०. येथेच पुष्कळजण चुकतात. २.८ लिहिले तर उत्तर शंभरपट मोठे येईल, २८०००० लिहिले तर हजारपट लहान.

सूत्राची रचना पाहा. तंतूंबरोबर वाढणारे आकडे, म्हणजे वय आणि ओ.टी., वर आहेत. घटणारे आकडे खाली आहेत. वय कशासाठी? तंतू एका वर्षात होत नाहीत. निरनिराळ्या अभ्यासांची माहिती एकत्र करून काढलेला अंदाज असा आहे, की तंतुमयता वाढत जाते तेव्हा एक पायरी चढायला नुसत्या मेदाच्या यकृतात सरासरी १४ वर्षे आणि दाह असलेल्या यकृतात ७ वर्षे लागतात. वर्गमूळ कशासाठी, असे विचाराल तर त्याचे उत्तर निसर्गात शोधू नका. न्यूटनच्या नियमासारखा हा नियम नाही. रुग्णांच्या आकड्यांशी उत्तम जुळेल अशी मांडणी संख्याशास्त्राने शोधून दिली, एवढेच.

आता गणित करू. पहिले गृहस्थ: ४५ × ५६ = २५२०. खाली ८१ चे वर्गमूळ ९, आणि २८० × ९ = २५२०. उत्तर १.०. दुसरे गृहस्थ: ६२ × ३९ = २४१८. खाली १३० × ६ = ७८०. उत्तर ३.१.

मेदयुक्त यकृतात १.३ पेक्षा कमी उत्तर आले तर पुढच्या पायरीची तंतुमयता असण्याचा संभव कमी मानतात. २.६७ पेक्षा जास्त आले तर संभव बराच. अधले उत्तर म्हणजे 'सांगता येत नाही'. काळजीत पडलेले पहिले गृहस्थ खालच्या गटात आले, आणि ज्यांचा कागद कपाटात गेला ते दुसरे वरच्या. पहिल्यांनी निर्धास्त राहावे असा याचा अर्थ नाही. त्यांच्या यकृतात गळती चालूच आहे आणि ती थांबवायला त्यांच्या हाती अजून वेळ आहे.

हे सूत्र कोठे फसते?

वयाने गुणायचे असल्यामुळे लहान वयात उत्तर नेहमीच लहान येते. दुसऱ्या गृहस्थांचेच आकडे ठेवून वय १६ घाला: १६ × ३९ भागिले ७८०, उत्तर ०.८. आकडे तेच आणि निर्णय उलटा! म्हणून ३५ वर्षांखालील माणसांसाठी हे सूत्र भरवशाचे नाही. तुम्ही स्वतःचे वय घालून निश्चिंत होऊ नका आणि घाबरूही नका. उलट बाजूही पाहा. ७५ वर्षांच्या आजींची ओ.टी. २४, पी.टी. २५, बिंबाणू २ लाख. सारे ठीक; पण ७५ × २४ = १८००, भागिले २०० × ५ = १०००, उत्तर १.८. म्हणून ६५ वर्षांनंतर खालची सीमा १.३ ऐवजी २.० धरतात.

दुसरी अडचण कोणाची तपासणी करतो यावर अवलंबून असते. समजा, एका गावातील १००० प्रौढांपैकी ४० जणांना खरोखर पुढची तंतुमयता आहे. एखादी तपासणी त्यांतील ३० जणांना पकडते, आणि उरलेल्या ९६० निरोग्यांपैकी ५ टक्क्यांना, म्हणजे ४८ जणांना, चुकून आजारी ठरवते. 'आजारी' ठरलेले झाले ७८, त्यांतील निम्म्याहून अधिक निरोगी! उलट 'ठीक' ठरलेल्या ९२२ जणांत आजारी फक्त १०. हे आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, पण फिब-४ चा स्वभाव असाच आहे. धोका नाही असे ते म्हणाले तर त्यावर जेवढा विश्वास ठेवता येतो, तेवढा धोका आहे असे म्हटल्यावर ठेवता येत नाही.

म्हणून मोठे उत्तर आले की डॉक्टर दुसरी तपासणी करवतात. रक्तातच तंतूंच्या घडामोडीतील हायल्युरॉनिक आम्लासारखे पदार्थ थेट मोजता येतात. दुसरा उपाय यकृताचा कडकपणा मोजण्याचा. बरगड्यांवर एक हलका ठोका देऊन यकृतात लाट सोडतात आणि ती किती वेगाने जाते ते ध्वनिलहरींनी पाहतात. ऊती कडक असेल तर लाट वेगाने जाते. वेग दुप्पट असेल तर कडकपणा चौपट. बिलिरुबिन, अल्ब्युमिन आणि रक्त गोठण्याचा वेळ हे आकडेही कागदावर असतात, पण यकृताची राखीव ताकद मोठी असल्याने ते फार उशिरा बिघडतात.

आता एक उदाहरण तुमच्यासाठी. ऑगस्ट महिना. ४० वर्षांच्या एका बाईंना चार दिवस ताप आहे. ओ.टी. १००, पी.टी. ६४, बिंबाणू ५० हजार. वहीवर फिब-४ काढा, आणि उत्तरावर विश्वास ठेवायचा की नाही ते ठरवूनच पुढे वाचा.

उत्तर १० येते. सीमेच्या जवळजवळ चौपट! पण बाईंना डेंग्यू झाला आहे. डेंग्यूत बिंबाणू काही दिवसांतच कोसळतात आणि ओ.टी. पी.टी.पेक्षा जास्त वाढते, म्हणजे सूत्रातील वरचा आणि खालचा दोन्ही आकडे त्याच दिशेने सरकतात. ताप उतरून तीन महिने झाल्यावर त्यांची ओ.टी. ३०, पी.टी. ३६ आणि बिंबाणू २ लाख ४० हजार भरले. आता पुन्हा गणित करा: १२०० भागिले १४४०, सुमारे ०.८३.